खालचा कप्पा

आमच्या महाडात कुणाच्या घरात काय मोलाचं आहे, हे विचारावं लागत नाही. मान वर केली की कळतं. देव्हारा भिंतीवर उंच ठोकलेला, दागिन्यांचा डबा, घराची कागदपत्रं आणि आईचा लग्नातला शालू माळ्यावर, त्याखाली फळीवर तांदळाची पिंपं, आणि जमिनीलगत पाटा-वरवंटा, मोडकी खुर्ची, पायपुसणी, म्हणजे भिजलं तरी चालेल आणि वाहून गेलं तरी कुणी रडणार नाही असं सगळं. सावित्री नदी पावसाळ्यात बाजारपेठेत येऊन जाते. ती येणार हे धरूनच आम्ही घरं मांडतो. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला पुण्याकडची मंडळी आली होती, तेव्हा त्यांतल्या एका गृहस्थांनी छताच्या कड्यांकडे बघून विचारलं होतं, "इथे पाळणे बांधता का?" बाबा म्हणाले, "नाही, वेळ आली तर कपाट टांगतो." मंडळी तरीही पोहे खाऊन गेली आणि होकार कळवला, हे बहिणीचं नशीब.

बाबांचं भांड्यांचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे आम्ही. सकाळी जाग यायची ती बाबांच्या टिचकीनं. गिऱ्हाइकाला पातेलं दाखवताना ते त्यावर बोट मारत आणि आवाज पुरता विरेपर्यंत थांबत. गिऱ्हाईकही तोंड बंद ठेवून ऐकत राही. आतल्या बाजूला आई घावन घालत असे, तव्याचा चर्र आवाज आणि नारळाच्या दुधात गूळ विरघळल्याचा वास. आई पोलादपूरच्या वरच्या डोंगरवाडीतली. लग्न होऊन पेठेत इतकी वर्षं झाली तरी तिची भाषा काही डोंगर उतरून आली नाही. बाबा पेठेतलं बोलत, आई वाडीतलं, आणि मी दोन्ही. शाळेत 'नाही' आणि घरात पाऊल टाकलं की 'नाय'. मला त्याची कधी लाज वाटली नाही, उलट एकाच्या किमतीत दोन भाषा मिळाल्या असंच वाटायचं.

हाकेच्या अंतरावर वाचनालय होतं. एक लांबट खोली, वर्तमानपत्रांचं तिरकं टेबल, 'शांतता राखा' अशी पाटी, आणि मागच्या भिंतीला पार छतापर्यंत गेलेलं सागवानी कपाट. कारभार तात्यांच्या हातात होता. कचेरीतून निवृत्त झालेले, वाचनालयाचे चिटणीस, टोपी सरळ, बोलणं त्याहून सरळ. तात्यांनी कपाट अगदी महाडच्या पद्धतीनं लावलं होतं. सगळ्यात वर पोथ्या आणि संतवाङ्मय. त्याखाली इतिहास, किल्ले, बखरी. मग थोरामोठ्यांची चरित्रं. मग कादंबऱ्या, त्यांच्याखाली रहस्यकथा, प्रवासवर्णनं, नाटकं. आणि अगदी खाली, जमिनीला टेकलेल्या कप्प्यात, कवितेची पुस्तकं. तात्यांच्या मते ती बारीक असल्यामुळे वरून घसरून पडायची. खरं कारण पेठेतल्या पोरालाही कळलं असतं.

मी आठवीत असताना तात्यांनी मला कपाटासमोर उभं राहिलेलं बघून म्हटलं, "तुझ्यासारखीला ते बाजूच्या पेटीतलं गोष्टींचं पुस्तक बरं." त्या 'तुझ्यासारखी'चा मला राग आला. मी त्याच क्षणी ठरवलं की हे कपाट वरपासून खालपर्यंत वाचून काढायचं, एकही कप्पा न गाळता. आई म्हणायची, "मंदी म्हंजे हेकट. खुंट्याला बांधली तर खुंटा घेऊन जाईल." बाबांच्या नावावर एका वेळी एक पुस्तक मिळे. बाबांना तिथे फक्त वर्तमानपत्र वाचायचं असे, त्यामुळे पुस्तक माझं.

वरच्या कप्प्यानं माझी चांगलीच परीक्षा घेतली. हिरकणीवाडीहून धुक्यात गड चढताना पुढची पायरी तेवढी दिसते आणि बाकी सगळं पांढरं असतं, तसं माझं त्या अभंगांत आणि त्यांच्या टीकांत झालं. पण पाय थांबवला नाही. अर्थ कळला नाही तरी चाल अंगात मुरली, हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं. इतिहासाच्या कप्प्यात सगळेजण कायम घोड्यावर होते. गड आमच्या इतका जवळ, पाचाडचा एक खानावळवाला बाबांकडून दरवर्षी पिठल्याची पातेली नेत असे, आणि त्या पुस्तकांत मात्र कुणी जेवतच नव्हतं. एवढ्या सैन्याच्या भाकऱ्या कोण थापत होतं, असं मी तात्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "असले प्रश्न इतिहासात येत नाहीत." मग चरित्रं. प्रत्येक थोर पुरुष गरीब, आणि प्रत्येकानं रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेला. त्या काळी त्या दिव्यांखाली किती गर्दी होत असेल, असं मला वाटे.

कादंबऱ्यांनी मला रडवलं, आणि रडून झाल्यावर रागही आणला. त्यांतल्या चांगल्या बायका खोकून खोकून मरत आणि नवरे नंतर पश्चात्ताप करत. रहस्यकथा मला मनापासून आवडल्या, आजही आवडतात. माझे डोळे आता थेंबांवर आणि जाड काचेवर चालतात, सून म्हणते आता काहीतरी शांत, देवाधर्माचं वाचा. मी म्हणते वरचा कप्पा मी चौदाव्या वर्षीच संपवलाय, मला खून दे. लक्ष देऊन वाचणं मला रहस्यकथेनं शिकवलं. दाराशी पडलेली छत्री ओली की कोरडी, हे तिथे बघावंच लागतं, आणि एकदा ती सवय लागली की माणूस पोथीतसुद्धा छत्री शोधतो. प्रवासवर्णनांत मी बर्फाचे देश पाहून आले, तेव्हा प्रत्यक्षात पोलादपूरच्या पुढे मी गेलेच नव्हते. नाटकं मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचायची, सगळी पात्रं एकटीनं. आई कुळथाची पिठी ढवळता ढवळता मधेच खलनायकाला उत्तर द्यायची आणि ते लेखकाच्या उत्तरापेक्षा बहुतेकदा तिखट असे.

अशी मी दहावीत जाईपर्यंत नाटकांच्या तळाला आले. आता उरला तो खालचा कप्पा. खरं सांगायचं तर मला त्याची भीती वाटत होती. शाळेत कविता म्हणजे 'कवीला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा' एवढंच आम्हाला माहीत. कवीनं स्वतःच्या शब्दांत म्हटलेलं असताना मी ते माझ्या शब्दांत कशाला लिहायचं, हे मला कळत नसे. तरी ठरवलं ते ठरवलं. शेवटचं नाटक परत करायचं आणि खाली बसून पहिलं पुस्तक काढायचं, एवढंच बाकी होतं. त्याच आठवड्यात आखाडातलं मोठं पाणी आलं.

पाणी येताना पेठेत आरडाओरडा नसतो. प्रत्येकाला आपापलं काम ठाऊक असतं. बाबा पातेली माळ्यावर फेकत होते आणि थोरला भाऊ वर झेलत होता. मला त्यांनी वाचनालयात मदतीला पिटाळलं. तिथे तात्या, समितीचे दोन सभासद आणि वर्तमानपत्र वाचायला आलेले काहीजण साखळी करून उभे होते. मी पोचले तेव्हा ते पोथ्या माळ्यावर चढवत होते. वरच्या कप्प्यातल्या पोथ्या, ज्यांच्यापर्यंत पाणी आलं असतं तर महाडचं एकही घर उरलं नसतं, त्या पोथ्या. त्यानंतर इतिहास. त्यानंतर चरित्रं. कुणी चुकत होतं असं कुणालाच वाटत नव्हतं. घरात आधी देव उचलतात, तसं आधी मोलाचं उचलायचं, हा हात लहानपणापासून बसलेला. मी म्हटलं, "तात्या, खालचा कप्पा आधी काढूया ना. पाणी खालून येतंय." तात्या म्हणाले, "रांगेत उभी राहा. मधे बोलू नकोस." कादंबऱ्या अर्ध्यावर आल्या तेव्हा पाणी उंबरठा ओलांडून आत आलं. नाटकांपर्यंत पोचलो तेव्हा गुडघ्याला लागत होतं. मी वाकून खालच्या कप्प्यात हात घातला, तर पुस्तकं फुगून एकमेकांत अशी घट्ट बसली होती की एकही निघेना. मला तात्यांनी दंडाला धरून बाहेर काढलं. मी रडत होते, आणि ते पाण्याला भिऊन, असं त्यांना वाटलं.

पाणी उतरताना चिखल त्याच्याबरोबरच झाडून काढावा लागतो, मागे राहिला तर सिमेंटासारखा बसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी अख्खी पेठ खराटे घेऊन उतरत्या पाण्यामागून चालली होती. वाचनालयाच्या ओट्यावर कवितेच्या पुस्तकांचा ढीग पडला होता. चिखलात माखलेला, शेवाळी वासाचा. तात्या हात धुऊन, कपाळाला गंध लावून उभे होते.

"पुस्तक म्हणजे सरस्वती," ते म्हणाले. "रद्दीत कशी घालायची? सावित्रीत विसर्जन करू."

"अर्धं तिनं केलंच आहे," मी म्हटलं.

"उद्धटपणा नको. मंदा, अगं ही कुणी मागतच नव्हतं. कोरडी होती तेव्हा नाही, आता काय मागणार?"

"मी मागणार होते. पुढच्याच आठवड्यात."

तात्या हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. थोडा विचार करून म्हणाले, "न्यायची तर ने. वाळव. पण कपाटात जागा द्यायची तर समितीला कारण लागेल. गणपतीनंतर सभा आहे. ही पुस्तकं मला हवीत, असं म्हणणारा एक सभासद उभा कर. एकच. तू नाही चालणार, तू लहान आहेस, तुझं नाव वहीत नाही. कुणी उभा राहिला नाही तर सभेनंतर आपण सगळे मिळून विसर्जन करू आणि तू रडायचं नाहीस."

मी कबूल केलं. घरी येऊन आधी बाबांनाच गाठलं, ते सभासद होतेच. बाबा दुकानातला गाळ उपसत होते. म्हणाले, "मंदे, मी भांडी विकणारा माणूस. कालच पूर येऊन गेलाय, आणि आज मी कवितेचं पुस्तक मागितलं तर बाजार म्हणेल, पाणी याच्या डोक्यात शिरलं." आमच्या मराठीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, परीक्षेला नेमलेली असती तर गोष्ट वेगळी. मी दोघांनाही मनातल्या मनात खालच्या कप्प्यात टाकलं.

शाळेत पूरग्रस्त राहायला आले होते, घरात जेवायला बसायला कोरडी जागा नव्हती, म्हणून आईनं मला मामाकडे पाठवायचं ठरवलं. मी पुस्तकांचं पोतं बरोबर घेतलं. आई म्हणाली, "भात भरायचं पोतं ह्या चिखलाला वापरतेस व्हय गो?" पण तोंड तिनंच बांधून दिलं. एसटीच्या कंडक्टरनं पोत्यातून पाणी ठिबकताना बघून विचारलं, मासे आहेत का. मी म्हटलं कविता. त्यानं पोतं टपावर चढवायला लावलं. पोलादपूरला मामा घ्यायला आला होता. तिथून वाडीची चढण, पाठीवर पोतं घेऊन मामा पुढे, मागून मी, आणि दोन्ही बाजूंना नुकतीच लावणी झालेल्या भाताच्या खाचरांतून पाण्याचा आवाज.

मामाच्या चुलीवर छताला बांबूच्या कामट्यांची ताटी टांगलेली होती. पावसाळ्यात ओली लाकडं, सुके बोंबील, बियाण्याची कणसं, सगळं त्या ताटीवर असायचं. माझ्या मामीचं नाव चंद्रा. बोलणं कमी, हात मोठे, कामाला वाघीण. तिनं पोत्यात डोकावून बघितलं, बोंबील एका बाजूला सारले आणि म्हणाली, "ठेव हितं. पण पानं खाली पडून कालवणात गेली तर मी बघून घेईन." मी प्रत्येक पुस्तक उघडून उपडं घातलं. दिवसातून कितीदा तरी शिडीवर चढून पानं सुटी करायची, नखानं गाळ खरवडायचा, परत परतायची. पुस्तकं वाळली, वेडीवाकडी झाली, धुरानं पिवळी पडली, आणि त्यांना बोंबलाचा जो वास लागला तो पुढे कधीच गेला नाही.

लावणी उरकलेली, दुपारी पाऊस कोसळत असे, म्हणून मामी आणि शेजारची सीताकाकू चुलीपाशी डाळ निवडत बसत. मी वाळलेली कविता मोठ्यानं वाचायला लागले. पाऊण पानातच सीताकाकू म्हणाली, "ह्याला काय काम नाय काय गो? नुसता चांद नि चांद." मला राग यायला हवा होता, पण ती बरोबर होती. खरं ते लिहिते, त्या कप्प्यातली निम्मी पुस्तकं कुणी पुरातून वाचवावी अशी नव्हती. नुसते चंद्र, प्रिया आणि उसासे. आयुष्यभर वाचूनही माझं हे मत बदललेलं नाही. वाईट कादंबरी निदान पुढे तरी सरकते, वाईट कविता एका जागी उभी राहून सुस्कारे टाकते. पण वाईट कविता कुठली, हे वाचल्यावर कळतं. न वाचता नदीत सोडण्याला माझा विरोध होता आणि आहे.

माझ्या पिशवीत थोरल्या भावाची, घरचीच एक रहस्यकथा होती. पुराच्या वेळी आमच्या माळ्यावर होती म्हणून कोरडी. ती वाचायला घेतली आणि चूल पेटती आहे हेसुद्धा दोघी विसरल्या. दुसऱ्या दिवशी सीताकाकू डाळ न घेताच आली. "त्या खुन्याचं काय झालं गो?" मी तेव्हाच सौदा ठरवला. म्हटलं, आधी एक कविता ऐकायची, मग एक प्रकरण. "गुळाआधी काढा पाजतेस," सीताकाकू कुरकुरली, पण बसली. मामीच्या हातातल्या सुपातली डाळ तेवढी हलत होती.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी मी एक अगदी बारीक पुस्तक घेतलं. मुखपृष्ठ गळून गेलेलं, त्यामुळे कवी कोण ते आजही मला ठाऊक नाही. त्यातली एक कविता वाचली. तिच्यात एवढंच होतं की एका पायवाटेवरून आता कुणी जात-येत नाही, म्हणून तिच्यावर गवत वाढतंय, आणि एक माणूस त्या गवताला सांगतोय की सगळं रान तुझं, एवढी पाऊलभर वाट तेवढी सोड. चंद्र नाही, उसासा नाही. मी पान उलटून रहस्यकथा उघडली, सीताकाकू पुढे सरकली, तेवढ्यात मामी म्हणाली, "परत वाच."

मामीची मुलगी यमू, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिला वरंधच्या बाजूला दिली होती. पहिल्याच बाळंतपणात ती गेली, मूलही राहिलं नाही. खबर आली त्या दिवशी मामी शेतात होती, आणि उरलेली ओळ लावून मगच घरी आली, म्हणून वाडीनं तिला दगड म्हटलं होतं. त्यानंतर यमूचं नाव तिनं माझ्यादेखत कधी काढलं नव्हतं. मी कविता परत वाचली. सुपातली डाळ थांबली होती.

"ह्याची कोण मेली?" मामीनं विचारलं.

"माहीत नाय मामी. लिहिलेलं नाय."

"लिवाया कशाला लागतं," ती म्हणाली. मग चुलीकडे बघत, "माजी यमू त्या वरच्या वाटंनं यायची. मी दर साली तिथलं गवात कापतंय. तुजा मामा म्हणतो, कोन येनार हाय आता? मी म्हनलं, कुनी नाय. पन कापतंय."

ती रडली. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. सीताकाकूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मलाही रडू आलं, आणि त्याच वेळी, सांगायला लाजत नाही, मला विलक्षण आनंद झाला. कपाटाच्या सगळ्या कप्प्यांत मिळून जे झालं नव्हतं ते त्या मळक्या पानानं माझ्या डोळ्यांदेखत केलं होतं. खुनी कोण ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही. त्यानंतर रोज मामी ती एकच कविता ऐके. दुसरी वाचू का विचारलं तर मान हलवे. "हीच."

निघायच्या दिवशी मी मामीला सरळ विचारलं, तू सभासद होशील का. तात्यांची अट आणि सभेचा दिवस सांगितला. ती दचकली. "मी? मला अक्षर येत नाय. लोकं हसतील, तुज्या बापाला नावं ठेवतील. नको गो." मी पुष्कळ समजावलं, रागावले, शेवटी गयावया केली. ती म्हणाली, "माजं नाव काडू नको तिथं." मी पोतं घेऊन खाली आले. मनात ठरवलं, कुणी नाही तर नाही, पण मी शेवटपर्यंत उभी राहणार.

गणपती गेले आणि सभेचा दिवस आला. सकाळची वेळ, वाचनालयाची जमीन घासून घासून पांढरी केलेली. मी पुस्तकं पुसून, दोरीनं बांधून ओट्यावर रचली. समितीतले एक सदस्य आत येताच नाकाला रुमाल लावून म्हणाले, "हा वास कसला?" तात्या म्हणाले, "वाळवणाचा." मी उठून जे सुचलं ते बोलले. वाचल्याशिवाय टाकू नका. यांतली निम्मी वाईट आहेत, मी स्वतः वाचलीत. उरलेल्यांसाठी थांबा. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मंदा, आपलं ठरलं होतं. सभासद कुठे आहे?" ते उठले, एक गठ्ठा स्वतः उचलला. नदी तिथून दिसत होती.

दारात मामी उभी होती. पहिल्या एसटीनं आलेली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली, हातात आईसाठी आणलेली भारंगीच्या रानभाजीची जुडी. चपला तिनं बाहेर काढल्या आणि देवळात यावं तशी आत आली.

"ती पुस्तकं खाली ठेवा," ती तात्यांना म्हणाली. "मला हवीत."

"आपण कोण?"

"हिची मामी. वाडीवरून आलंय."

"वाचता येतं का बाई?"

"नाय."

रुमालवाले गृहस्थ हसले. "मग पुस्तक घरी नेऊन काय करणार?"

"नेणार नाय. माज्या घरात पानी गळतं. हितं येनार, ही वाचंल, मी ऐकंन. वाचनालय हाय ना ह्ये?"

"हे नियमात बसत नाही," गृहस्थ म्हणाले. तात्यांनी गठ्ठा खाली ठेवला आणि चष्मा लावला. नियम त्यांना तोंडपाठ होते, तरी त्यांनी वही काढून पहिल्यापासून वाचले. सभासद सज्ञान असावा. वर्गणी वेळेवर भरावी. पुस्तकावर रेघोट्या मारू नयेत. सगळं वाचून झाल्यावर ते म्हणाले, "वाचता आलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही." मग त्यांनी कोऱ्या पानावर मामीचं नाव घातलं. मामीनं पदराची गाठ सोडून वर्गणी टेबलावर ठेवली, आणि शाईत बुडवून अंगठा असा जोर लावून दाबला की ठसा कागदाच्या मागून उमटला.

"आता?" तिनं विचारलं.

"आता तुम्ही सभासद," तात्या म्हणाले.

मामी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी, पुरुषांच्या बाकावर बसली. बाजूचे दोघे सरकले. मी गठ्ठा सोडला, ते बारीक पुस्तक काढलं आणि 'शांतता राखा' लिहिलेल्या त्या खोलीत मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कुणी अडवलं नाही. गवताची कविता संपली. मामी दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती. मी पुस्तक मिटायला लागले, कारण ती रोज इथेच थांबायची.

"मिटू नको," ती म्हणाली. "पुढची वाच."

रोज इथेच थांबल्यामुळे पुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. मी ती नखानं हळूहळू सोडवली आणि वाचू लागले.